एकच चौकट: पुळणीच्या वर्षभराच्या नोंदी

१२ जानेवारी २०२४

भूगोल शिकवणाऱ्या मॅडमनी गेल्या आठवड्यात सहज विचारलं, "अकरा वर्षं तुम्ही याच पुळणीवर फोटो काढताय. मग सांगा ना, ती अरुंद होतेय का?" मी ऐटीत म्हणालो, फोटो बघतो आणि सांगतो. चार रात्री हार्ड डिस्क उपसली. नऊ हजारांवर फोटो निघाले, उत्तर काही निघालं नाही.

एक फोटो भरतीचा, त्याच्या शेजारचा ओहोटीचा. एक गुडघ्यावर बसून १६ मिमी लेन्सनं काढलेला, त्यात पायाजवळची वाळू मैदानाएवढी. दुसरा लांबच्या खडकावरून २०० मिमीनं, त्यात तीच पुळण चटईएवढी. कुठून उभं राहून काढला याची नोंद एकाचीही नाही. सूर्यास्त मात्र सगळे चोख. सूर्य रोज बुडतो याचा माझ्याकडे भरभक्कम पुरावा आहे.

नवी वही काढली. एक जागा, एक उंची, एक लेन्स, पाण्याची एक पातळी. वर्षभर. चांगला फोटो काढायचा नाही, तोच काढायचा.

१५ जानेवारी

जागा ठरली. पुळणीच्या टोकाला खडकांवर जुन्या दिव्याचा सिमेंटचा खांब आहे. दिवा गेला, तार गेली, खांब राहिला. परवानगी काढून त्याला स्टीलची काटकोनी पट्टी बोल्टनं बसवली. कॅमेऱ्याची उंची खडकापासून १ मीटर ४२ सेंटिमीटर. लेन्स २४ मिमी. फोकसची कडी चिकटपट्टीनं जखडून टाकली. चौकट जुळवायला दोन खुणा: डावीकडे बसक्या खडकाचं टोक, उजवीकडे पाण्याच्या टाकीचा कोपरा. दोन्ही चौकटीच्या कडेला टेकल्या की बटण दाबायचं.

युक्ती माझी नाही. सिडनीत २०१७ साली मॅनली आणि नॉर्थ नॅराबीन या किनाऱ्यांवर 'कोस्टस्नॅप' नावानं अशा पट्ट्या बसवल्या गेल्या. येणाराजाणारा त्यात आपला फोन ठेवतो, फोटो काढतो, पाठवून देतो. मी मात्र पट्टी माझ्या कॅमेऱ्याच्या मापाची बनवून घेतली आहे. दुसऱ्या कुणी माझ्या खांबावरून फोटो काढावा, हे आत्ता तरी मनाला पटत नाही.

२७ जानेवारी

पहिले दोन फोटो एकावर एक ठेवले. १५ तारखेचा संध्याकाळी पाचचा, कालचाही पाचचाच. अकरा दिवसांत पुळण चाळीसेक मीटर रुंदावली! मॅडमना फोन करणार होतो. नशीब, आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. १५ ला पाच वाजता भरती जेमतेम निम्मी उतरली होती, काल पाच वाजता ओहोटी संपत आली होती. पाण्यातला फरक सव्वा मीटरच्या आसपास. आमच्या पुळणीचा उतार साधारण तीसास एक आहे, म्हणजे पाणी १० सेंटिमीटर चढलं की कड ३ मीटर आत येते. हिशेब जुळला. वाळू जागच्या जागी आहे, चूक माझी.

घड्याळ चालणार नाही. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. पण अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत, उधाणाच्या वेळी, एखाद्या ठिकाणची भरती दर खेपेला जवळजवळ त्याच वेळी येते. आमच्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास. त्याआधी सकाळी नऊ-सव्वानऊला पाणी बरोबर मधल्या पातळीवर असतं. दर पंधरवड्याला तोच क्षण पकडायचा. चढतं पाणीच हवं, कारण उतरत्या पाण्यामागं ओली वाळू काळी राहते आणि पाण्याची खरी कड कुठली ते फोटोत कळत नाही.

सकाळचे सव्वानऊ. ना कोवळं ऊन, ना लांब सावल्या. या वेळी मी आजवर बॅग भरून घरी जात आलो.

११ फेब्रुवारी

फोटो क्र. १, आता खरा. रुक्ष, पांढरट, मधोमध एक कुत्रा. ठेवला.

२५ फेब्रुवारी

क्र. २. फोटोतून रुंदी कळते, वाळूची जाडी कळत नाही. म्हणून मॅडमनी काठ्यांची पद्धत शिकवली. के. ओ. एमरी या सागरी भूवैज्ञानिकानं १९६१ साली ती मांडली. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा, मध्ये ठरावीक लांबीचा दोर. एकानं पाण्याच्या बाजूला उभं राहायचं, दुसऱ्यानं जमिनीच्या. मागच्यानं डोळा असा धरायचा की पुढच्या काठीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत येतील. ती रेष आपल्या काठीवर जिथं येईल तो आकडा वाचायचा. तेवढी वाळू तेवढ्या अंतरात खाली उतरली. मग दोघांनी एक-एक काठी पुढे. असं करत पाण्यापर्यंत.

पातळी दाखवणारं यंत्र नाही, बॅटरी नाही. क्षितिज हीच पातळी. अकरा वर्षं मी क्षितिज सरळ ठेवण्यासाठी धडपडतोय, त्याचा असा उपयोग होतो हे ठाऊक नव्हतं.

आमचा पहिला छेद, म्हणजे पुळणीच्या उताराची रेघ, आलेखावर काढला तेव्हा समुद्र टेकडीवर निघाला. चढ-उताराची चिन्हं मी उलटी लिहिली होती. मॅडमच्या विद्यार्थ्यांनी ती वही जपून ठेवली आहे, मला चिडवायला.

११ मार्च

क्र. ३. काल अमावास्या, विषुवदिन जवळ, म्हणून वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. पहाटे सव्वासहाची ओहोटी सोडवेना. फोटोच्या आधी तीन तास नुसता हिंडलो. हे प्रकल्पात बसत नाही, तरी लिहितो.

पाणी इतकं मागं गेलं होतं की एरवी कधी न दिसणारा समुद्राचा तळ चालायला मिळाला. वाळूवर लाटांनी पाडलेल्या वळ्या; एका बाजूला बोटभर अंतराच्या, पुढे वीतभर, आणि एका खोलगटात दोन दिशांच्या वळ्या एकमेकींना छेदून जाळी झालेली. तिथं आधी लाट होती, मग ओघळ वाहिला, हे सगळं वाळूनं लिहून ठेवलेलं. तळपायाला वळ्या टोचत होत्या. त्या टोचण्याची मला सवय आहे, बूट घालून मी या पुळणीवर कधी आलेलो नाही.

आणि खेकड्यांच्या गोळ्या. नखाएवढा खेकडा बिळातून निघतो, वाळू तोंडात घेतो, कणांवरचं सूक्ष्म शेवाळ-बिवाळ चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागं टाकतो. बिळाभोवती गोळ्यांच्या किरणांसारख्या ओळी पडतात. हजारो बिळं, प्रत्येकाची वेगळी रांगोळी. पुढच्या भरतीत सगळं सपाट, आणि पाणी ओसरलं की पुन्हा पहिल्यापासून. एका बिळापाशी पालथा पडून वीस मिनिटं थांबलो तेव्हा तो बाहेर आला. कॅमेरा हातात होता. बटण दाबलं की आवाज होईल आणि तो आत जाईल, म्हणून दाबलं नाही. असं माझ्या हातून पहिल्यांदाच घडलं.

नऊ वाजता धावत खांबावर.

९ एप्रिल

क्र. ५. काही विशेष नाही.

२१ एप्रिल

आज फोटोचा दिवस नव्हता. भरतीरेषेच्या वर, शिंपल्यांच्या चुऱ्यात चालताना एक चिखल्या पुढ्यात उडाला, लगेच खाली पडला आणि एक पंख फरफटत तिरका तिरका धावायला लागला. मी ओळखलं आणि जागच्या जागी थिजलो. पंख मोडलेला नसतो. घरटं जवळ असलं की हा पक्षी जखमी झाल्याचं सोंग करून शत्रूला अंड्यांपासून लांब नेतो. शत्रू म्हणजे मी. पायाकडे बघितलं तर चार पावलांवर वाळूत नुसता खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची तीन अंडी. आलो त्याच पावलांवर मागं फिरलो.

घरी येऊन एक जुना फोटो उघडला. सहा वर्षांपूर्वीचा. सोनेरी उन्हात एक पंख पसरून तिरका झालेला चिखल्या. त्याला मी 'नर्तक' नाव दिलं होतं. त्याच्या प्रती सगळ्यांत जास्त विकल्या गेल्या. त्या दिवशी मी चांगला अर्धा तास त्याच्या मागं मागं गेलो होतो, तो 'नाचत' होता म्हणून. अर्धा तास अंडी उन्हात उघडी. भर उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. त्या अंड्यांचं काय झालं असेल हे मी तेव्हा स्वतःला विचारलंही नव्हतं, कारण अंडी आहेत हेच माहीत नव्हतं.

फोटो विक्रीतून काढला. घरात भिंतीवर होता, तोही उतरवला. नंतर परत लावला, खाली नवीन नाव चिकटवून: 'मी घरट्याजवळ उभा आहे'.

आजपासून: विणीच्या महिन्यांत भरतीरेषेच्या वर चालायचं नाही, ओल्या वाळूवरूनच ये-जा. ड्रोन बंद. वरून येणारी वस्तू पक्ष्याच्या लेखी शिकारीच असते. फाइलमधली जागेची नोंद पुसल्याशिवाय घरट्याचा फोटो कुणालाही द्यायचा नाही. आणि आमच्या पावलांमागं कुत्री-कावळे येतात, म्हणून घरट्याकडे बोट दाखवणारे पाऊलठसे ठेवायचे नाहीत.

२४ मे

क्र. ८. आठ फोटो क्रमानं झरझर फिरवले तर वाळूच्या टेकडीवर एक पांढरी रेघ वाढताना दिसते. फेब्रुवारीत दोरीएवढी, आता रस्ता. मर्यादवेलीच्या हिरव्या पट्ट्याला मधोमध चिरून जाते. कुठं जाते हे बघायला फोटो मोठा केला. जाते माझ्या सूर्यास्ताच्या जागेकडे. त्या जागेचा पत्ता मीच दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना दिला होता, नकाशासकट.

मर्यादवेल म्हणजे टेकडीचा टाका. तिच्या पानांत वारा अडतो, वाळू खाली बसते, वेल त्या वाळूतून पुन्हा वर येते आणि टेकडी इंच-इंच वाढते. पावलांनी वेल तुटली की तिथून वारा आत शिरतो आणि खड्डा पोखरत जातो. मोठ्या लाटांनाही वाट मोकळी होते.

मॅडम, विद्यार्थी आणि जाळी टाकणारे काका अशा आम्ही बांबू रोवून दोर बांधला, एकच वाट ठेवली, तीही वाऱ्याला तिरकी. नकाशातून माझी ती खूण काढून टाकली. दोन ओळखीच्या फोटोग्राफरांनी विचारलं, आता फ्रेम कुठून घ्यायची? म्हटलं, खांबावरून घ्या. ते हसले.

९ जून

तीन दिवस समुद्र वेडा झाला आहे. वाऱ्यात खांबापर्यंत पोचता येत नाही. हवेचा दाब १५ हेक्टोपास्कलनं खाली. दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर फुगतं, म्हणजे वाऱ्या-लाटांचं सोडाच, नुसत्या दाबानंच कड साडेचार मीटर आत. वेळापत्रक आता काही कामाचं नाही. फोटो क्र. ९ हुकला.

१२ जून

टेकडीचा पायथा उभा कापला गेलाय. कडा छातीएवढा. मर्यादवेलीची मुळं हवेत लोंबतायत, आमच्या दोराचे अर्धे बांबू गायब. वाळू कुठंय? खालचे खडक उघडे पडलेत, अकरा वर्षांत कधी न बघितलेले. मी तासभर त्या खडकांवर बसून होतो. फोटो काढले नाहीत, हेही लिहून ठेवतो.

२३ जून

क्र. १०. फेब्रुवारीच्या मानानं २६ मीटर कमी. किनाऱ्याला घरं असलेले लोक घाबरलेत, ते साहजिक आहे. "पुळण संपली, आता दगडाची भिंत घाला," असं सगळीकडे चाललंय. माझ्या फोटोंच्या प्रती मागायला माणसं आली: फेब्रुवारीचा आणि आजचा शेजारी शेजारी छापून मागणीपत्राला जोडायचा आहे. मी थोडा वेळ मागितला. मलाही भीती वाटतेय की त्यांचं खरं आहे.

काका जाळं सुकवत बसले होते. त्यांना म्हटलं, वाळू गेली. त्यांनी मान वर न करता समुद्राकडे बोट केलं. "गेली नाही रे. बाहेर उभी आहे. ती बघ, लाट दोनदा फुटते."

६ जुलै

क्र. ११. आणि प्रकल्पातला सर्वांत चांगला दिवस.

काकांचं वाक्य डोक्यात फिरत होतं. शोधताना 'आर्गस' सापडलं. १९८० च्या दशकात ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या रॉब होलमन यांनी किनाऱ्यावर कॅमेरे लावायला सुरुवात केली. त्यातली एक युक्ती अशी: दहा मिनिटांचे फोटो एकत्र करून त्यांची सरासरी काढायची. एकेक लाट पुसली जाते, पण लाटा जिथं सारख्या फुटतात तिथं पांढरा पट्टा उरतो. लाट उथळ पाण्यात फुटते. म्हणजे पांढऱ्या पट्ट्याखाली वाळूचा बांध. पाण्याखालची वाळू, पाण्यात पाय न घालता.

आता यातली गंमत. दहा स्टॉपचं काळं फिल्टर लावून समुद्र दुधासारखा करायचा, हे गेली कितीतरी वर्षं माझं आवडतं काम. दहा स्टॉप म्हणजे प्रकाश हजार पटींनी कमी. १/६० सेकंदाच्या जागी १६-१७ सेकंद. जाणकार फोटोग्राफर या दुधाळ फोटोंना नाकं मुरडतात, आणि एप्रिलपासून मलाही ते खोटेच वाटायला लागले होते.

आज खांबावरून सेकंदाला एक असे ६०० फोटो घेतले आणि घरी सरासरी काढली. पडद्यावर पुळणीला समांतर, नव्वद-शंभर मीटर समुद्रात, एक जाड पांढरा पट्टा उमटला. एका जागी तुटलेला. तिथून पाणी परत बाहेर जातं, त्या ओढीत पोहणाऱ्यानं कधी शिरू नये. बाकी सलग. वाळू बाहेर उभी आहे.

खवळलेल्या हंगामातल्या उभ्या, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि बाहेर बांध घालतात. मग मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटून थकतात. पुळण स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःलाच पुढे पाठवते. शांत महिन्यांतल्या लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. पुस्तकात हे दोन ओळींत असतं. मी ते आज बघितलं.

काकांना प्रिंट दाखवली. म्हणाले, "मग, मी काय सांगितलं?"

२८ जुलै

जुने दुधाळ फोटो बाहेर काढले. त्यांपैकी ३१ फोटोंत बसका खडक दिसतो. कोन वेगवेगळे आहेत, मीटर मोजता येणार नाहीत, पण बांध खडकाच्या अलीकडे की पलीकडे एवढं प्रत्येकात कळतं. सात वर्षांच्या खवळलेल्या हंगामांत बांध बाहेर. म्हणजे या वर्षी जे झालं ते दर वर्षी होत आलंय. मी सूर्य बघत होतो म्हणून दिसलं नाही. जूनमध्ये उघडे पडलेले खडक मात्र जुन्या एकाही फोटोत नाहीत. ती गोष्ट वेगळी, आणि काळजीची.

१८ ऑगस्ट

भिंतीची बैठक. दहा मिनिटं मिळाली, मी पंचवीस घेतली.

फेब्रुवारी-जूनची जोडी दाखवली आणि लगेच जुलैचा पांढरा पट्टा. सांगितलं की दोनच फोटो शेजारी छापले तर ते खोटं बोलतात. मग भिंतीचं. उतारावर चढताना लाटेचा जोर जिरतो, पाणी वाळूत मुरतं. भिंतीवर ती आपटते, परत फिरते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. शिवाय वादळात पुळण ज्या टेकडीतून वाळू उसनी घेते, ती टेकडीच भिंतीमागं कुलूपबंद होते. आणि भिंत जिथं संपते तिथून पुढच्या माणसाचं अंगण जायला लागतं.

एकानं हातातला कागद वाचला: जगातल्या निम्म्या पुळणी शतकाअखेर नाहीशा होणार. तो अंदाज २०२० साली एका अभ्यासात आला खरा. त्याच वर्षी अँड्र्यू कूपर आणि इतर किनारा-अभ्यासकांनी त्याला उत्तरही दिलं, की मागं सरकायला जागा असेल तर समुद्राची पातळी वाढली तरी पुळण टिकू शकते, ती फक्त आत सरकते. मला तेच म्हणायचं होतं: मागं जागा ठेवा. मी दुसरा आकडा सांगितला. १९८४ ते २०१६ च्या उपग्रहचित्रांवरून काढलेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला: जगातल्या वालुकामय किनाऱ्यांपैकी २४ टक्के वर्षाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगानं झिजतायत, २८ टक्के वाढतायत, ४८ टक्के स्थिर. आपला यांपैकी कुठल्या रांगेत ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही.

मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. "तुमचे फोटो छान आहेत. पण रात्री दोन वाजता माझ्या पायरीवर पाणी होतं. तुम्ही होतात का तिथं?" नव्हतो. त्याचं उत्तर माझ्या एकाही चौकटीत नाही, आणि मी तसं सांगितलं.

निर्णय जानेवारीपर्यंत पुढे ढकलला. तोवर त्या घरापुढे वाळूची पोती. मला ते योग्य वाटलं.

२१ सप्टेंबर

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस. १९८६ साली टेक्ससमध्ये दोन बायकांनी हा उपक्रम सुरू केला तेव्हापासून त्याची खासियत अशी की कचरा नुसता उचलायचा नाही, मोजून लिहायचा. सिगारेटची थोटकं कित्येक वर्षं त्या यादीत पहिली होती. आमच्याकडे आज दोरांचे तुकडे पुढे.

माझ्यावर फोटोंची जबाबदारी. लांब लेन्स लावून कचरा दाटीवाटीनं दाखवणं सोपं आहे, लोकांना तसाच फोटो हवा असतो. मी एक मीटरची लाकडी चौकट वाळूवर टाकून सरळ वरून फोटो काढले. कंटाळवाणे आले.

भांडण एकच झालं. एका गटानं दाताळी आणली होती, भरतीरेषेवरचा सगळा काळा पट्टा ओढून "पुळण चकाचक" करायला. त्या पट्ट्यात वाहून आलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले असतात. मी एक मूठ शेवाळ उचललं. खालून शेकडो वाळूपिसवा उडाल्या. एक मुलगी किंचाळली आणि मग खाली बसून बघतच राहिली. या पिसवा शेवाळ खातात, किनाऱ्याचे पक्षी पिसवा खातात. दक्षिण कॅलिफोर्नियात जेनिफर डुगन आणि सहकाऱ्यांनी यंत्रानं झाडलेल्या आणि न झाडलेल्या पुळणींची तुलना केली, तेव्हा झाडलेल्यांवर हे जीवही कमी होते आणि त्यांवर जगणारे काही पक्षीही. मला कबूल करावं लागेल की तो काळा पट्टा मीही वर्षानुवर्षं चौकटीबाहेर ठेवत आलो. फोटोत घाण दिसतो म्हणून.

दाताळी बाजूला राहिली. हातानं प्लास्टिक वेचलं. शेवटी चाळणीत मसुराएवढे अर्धपारदर्शक मणी सापडले, सतरा. प्लास्टिकच्या वस्तू ज्या कच्च्या मालातून बनतात ते हे मणी. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' जहाज पेटलं तेव्हा सुमारे १,६८० टन मणी त्यावर होते. आमचे सतरा कुठून आले ते कोण सांगणार. बाटलीत घालून तारीख लिहिली.

१९ ऑक्टोबर

क्र. १८ मोठ्या पडद्यावर बघितला. धूसर. क्र. १७ धूसर. १६ पण. फिल्टरवर खाराचा पातळ थर बसला होता आणि मी फडक्यानं पुसून तो आणखी पसरवत होतो. खार आधी गोड्या पाण्यानं विरघळवायचा, मग टिपायचा. कोरडं पुसलं की काचेवर ओरखडे. नवशिक्याला मी हेच सांगतो. तीन फोटो जवळजवळ वाया. पाण्याची कड कशीबशी दिसते.

बोल्टही गंजलेत. स्टेनलेस म्हणून घेतले ते ३०४ प्रतीचे, समुद्राजवळ ३१६ लागतं.

१७ नोव्हेंबर

क्र. २०, ६०० फोटोंच्या सरासरीसकट. पांढरा पट्टा आत सरकत सरकत आता कडेला टेकलाय. ओहोटीत तिथं गेलो: बांध आणि पुळण यांच्यामध्ये लांबट डबकं उरलंय, त्यात अडकलेले मासे टिपायला बगळे रांगेत उभे. वाळू घरी आली.

तो कडा ढासळून उतार झालाय. त्या उतारावर मर्यादवेलीचे तीन कोंब. मोजले, कारण तीनच आहेत.

३१ डिसेंबर

काल अमावास्या. क्र. २३. फेब्रुवारीशी ताडून बघितलं. खांबाजवळ पुळण जवळपास पूर्ववत, २ मीटरचा फरक, तो मोजणीच्या चुकीतही जाईल. दूरच्या टोकाला मात्र ७ मीटर कमी. काठ्यांचा छेदही तेच सांगतो. त्या बाईंचं घर त्याच टोकाला.

मॅडमना वर्षभरानं उत्तर दिलं: एका टोकाला कदाचित हो. त्यांनी विचारलं, कदाचित म्हणजे? म्हटलं, एका वर्षात हंगाम कळतो, झीज कळत नाही. सिडनीच्या नॅराबीनला १९७६ पासून छेद मोजतायत. "मग अजून सत्तेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या आणि माझ्या वयाकडे बघून थांबल्या.

१४ जानेवारी २०२५

क्र. २४. बैठक झाली. भिंत तूर्त नाही. दूरच्या टोकाला टेकडी पुन्हा बांधायची: बांबूचे आडोसे, वेलीच्या फांद्या, आणि त्या एका घरापुढे पोती राहणार. पुढच्या खवळलेल्या हंगामानंतर पुन्हा बघणार. तिथं दुसरा खांब उभारायचा. त्याला लागणारी जागा त्या बाईंनीच दिली, पायरीच्या शेजारी. रात्रीचे फोटो त्या काढणार आहेत.

कॅमेऱ्याच्या मापाची पट्टी काढली आणि कुठलाही फोन बसेल अशी खाचेची पट्टी लावली, शेजारी सूचना आणि भरतीच्या वेळांचा तक्ता. दुपारपर्यंत अनोळखी माणसांचे चार फोटो आले. एकात बोट आलंय. एक तिरका आहे. एकात दोन पोरं खडकावर उभी राहून पाण्याची टाकी झाकतायत. चौथा बरोबर जुळतो.

पुढचा उधाणाचा फोटो ३० जानेवारी, सकाळी सव्वानऊ. ३१६ चे आठ बोल्ट आणायचे.